आत्या, तू मला विचारलंस

प्रिय आत्या,

आज सकाळी चहा पिता पिता बाबांनी एकदम विचारलं, "तुझं ऑपरेशन करून आपण चूक तर नाही ना केली?" बारा वर्षांनी! तू देवाघरी गेल्यापासून ते असं मधूनच जुनं काहीतरी काढतात. मी 'नाही' म्हटलं. पण तेवढ्याने माझंच समाधान झालं नाही. उरलेलं सांगावं असं माणूस तूच, म्हणून लिहितेय. माझं मराठी सांभाळून घे हं. तू नाहीस तर घरात हिंदीच जास्त चालते.

चौदाव्या वर्षी मी एकशे अठरा किलोंची होते. रक्तात साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकायचा. बड्या बाजारात शाळेचा कुर्ता घ्यायला गेलो, तर दुकानदार माझ्याकडे बघत आईला म्हणाला, "इस नाप का नहीं मिलेगा, बहनजी." आणि घरी तू तरी काय कमी होतीस? लाडवांच्या डब्याला कुलूप तूच लावलंस ना! तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली तू! तेवढा राग अजून आहे माझा.

दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जठराचा मोठा भाग काढून टाकू. आई लगेच तयार झाली. बाबा म्हणाले, "वाढत्या पोरीचं पोट कापायचं?" तू मात्र डॉक्टरांनाच विचारलंस, "उद्या मोठी झाल्यावर हिला पश्चात्ताप झाला तर?" ते खरं बोलले. "काढलेलं परत बसवता येत नाही. गोळ्याही जन्मभर."

घरी आठवडाभर तुम्हा तिघांचा वाद चालला. माझ्यासमोरच, पण माझ्याशी नाही. शेवटी तू मला गच्चीवर नेलंस.

"पोरी, तुला काय हवंय?"

"सगळ्यांनी बोलणं थांबवावं."

तू म्हणालीस, "त्यासाठी तुझं पोट कशाला कापायचं? बोलणारे आम्हीच आहोत."

त्याच संध्याकाळी तू कुलूप काढलंस आणि आईबाबांना बजावलंस, "एक वर्ष थांबायचं. तोवर हिच्या अंगाबद्दल या घरात कोणी अवाक्षर काढायचं नाही." आई किती रडली! ते वर्ष मला आवडलं, आत्या. पण साखर वाढतच गेली, गुडघेही दुखायला लागले. थांबलो नसतो तर? हे तुला कधी विचारलं नाही. कदाचित तूही स्वतःला विचारत असायचीस.

पंधरा पूर्ण झाल्यावर मी आपणहून तुझ्याकडे आले. "आता मला हवंय. लोकांसाठी नाही. मला नीट श्वास घ्यायचाय." तुझा चेहरा उतरला होता. तरी बाबांना म्हणालीस, "मला अजून पटत नाही. पण आता ती स्वतःसाठी मागतेय. सही कर."

दिल्लीला माझ्या उशाशी बसून चमच्याचमच्याने मुगाचं पाणी पाजलंस. पुढे केस गळले, उलट्या झाल्या. गणपतीत अर्धा मोदकही जाईना, तेव्हा मी तुझ्यावरच ओरडले, "कशाला करू दिलंस?" आठवतं काय म्हणालीस? "मी नको म्हणत होते, असं मी आज म्हणणार नाही." आणि माझी पाठ चोळत राहिलीस.

आता मी ऐंशीच्या आसपास असते. बारीक नाहीच झाले, बघ! साखर आटोक्यात आहे. आपल्या मऊरानीपूरच्या शाळेत शिकवते, स्टेशनच्या पुलाचे जिने न थांबता चढते. ताटात थोडंच घेते, चवीने खाते. खूश आहे गं मी. दुसऱ्या कुणा मुलीसाठी हेच बरोबर असेल का? मला खरंच माहीत नाही. माझ्यासाठी होतं, कारण तो निर्णय माझा होता. आज दुपारी बाबांना हे असंच सांगितलं. ते "ताई..." एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

सोमवारी शाळेत मुलींची वजनं घ्यायची आहेत. दरवर्षी आकडे वर्गात मोठ्याने वाचतात, आणि मग हशा पिकतो. मोठ्या बाईंना सांगून यंदा ते काम मी मागून घेतलंय. तुला वचन देते, एकेकीलाच आत बोलवीन, आकडा फक्त तिलाच सांगेन. आणि एखादी दारात घुटमळली, तर घंटा झाली तरी तिचं ऐकून घेईन.

तुझी लाडकी, भांडकुदळ
रेवा