पाणकराची बॅटरी

नागपूर, रविवार

प्रिय मोरेश्वर,

पार्सल मिळालं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू गाडी चालवत असतोस, तुझी श्वेता शेजारी असते, आणि मी जे बोललो असतो ते तिनं ऐकायची गरज नाही. सकाळी देवापुढे बसलो तर ओठावर नाव देवाचं आणि डोक्यात तू. पूजा अर्धी टाकून उठलो. असं माझ्या हातून सहसा होत नाही. राग उतरला तर मी नेहमीसारखा गप्प बसेन हे मला माहीत आहे, म्हणून तो उतरायच्या आत लिहितोय.

तू दुरुस्तीला पाठवलेली बाबांची बॅटरी उघडली. तुझ्या त्या जुन्या टॉर्च जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर तिचं नाव काहीही असो, आपल्या घरात ती बॅटरीच. मागचं झाकण फिरेना. फटीत तेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी फडकं गुंडाळून पिळलं, तेव्हा कुठे सैल झालं. आतले तिन्ही सेल फुगून नळीला धरून बसलेले. लाकडी दांड्यानं ठोकत ठोकत काढले. शेवटचा तर फुटून पांढऱ्या खारानं माखला होता. स्प्रिंगला बोट लावलं आणि ती चुरा होऊन तळहातावर पडली. बटणाखालची पट्टी निम्मी खाल्लेली. पितळ आतून हिरवंगार. बाबांनी ही बॅटरी उभ्या जन्मात चिखलात, पावसात, धुक्यात वापरली, आतून ती कधी सडली नाही. तुझ्या काचेच्या कपाटात मात्र ती सडली.

कशी सडली तेही सांगतो. बाबांच्या तेरवीनंतर तू मायला म्हणालास, "माय, बॅटरी मले दे, मी जपून ठेवतो." तिनं दिली. त्या दसऱ्याला तू तिच्यात नवे, भारीतले सेल घातलेस, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, पेटवून फोटो काढलास आणि सगळ्यांना पाठवलास. मायनं तो फोटो अख्ख्या गल्लीला दाखवला. रिकामं हत्यार पूजेला ठेवू नये, म्हणून सेल घातलेस, बरोबर. मग काढायचे कोणी? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा काय करायचे, हे तू माझ्याइतकंच पाहिलं आहेस. कुंकू पुसायचे, सेल काढायचे, मायच्या मुंगवड्यांशेजारी छपराच्या कवेलूवर उन्हात ठेवायचे. "पोट रिकामं ठेव गा तिचं, नाही तं आतडी खाते ते स्वतःची," असं दर वर्षी म्हणायचे. तुझं त्या दसऱ्याचं कुंकू अजून झाकणाच्या आट्यांत आहे, वाळून काळं पडलेलं. देव माझाही आहे, मोरेश्वर. पण फोटोपुरती केलेली पूजा त्यानं कुठे जमा करावी, हे मला कळत नाही.

तुला ती नुसती जुनी वस्तू वाटते, म्हणून आठवण देतो. बाबा तलावाचे पाणकर होते. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते त्यांनी ठरवायचं. अंधार पडला की ते तलावाच्या बांधावर उभे राहून ज्याची पाळी असेल त्याच्या वावराकडे बॅटरी फिरवायचे. उजेड आला की त्यानं पाणी घ्यायचं, उजेड दुसरीकडे वळला की बांधीचं तोंड बंद करायचं. धान वाळत असताना सुद्धा कोणी वाद घातला नाही. एकदाच आनंदराव पाटलांनी निरोप पाठवला, "नत्थूजी, आमची बांधी आधी." बाबांनी त्या निरोप्याच्या तोंडावरच बॅटरी मारली आणि म्हणाले, "पाटलाले सांग, ह्या उजेडात मले फक्त पाळी दिसते, पाटील दिसत नाही." दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः चहा प्यायला आले. बाबांजवळ पद नव्हतं, शिक्षण नव्हतं, ही बॅटरी होती.

असो. साध्या सेलचा खार असता तर खायचा सोडा लावला असता. तुझ्या भारी सेलचा खार लिंबानं मरतो. लिंबाचा रस लावला की फसफसतो, जुन्या ब्रशनं घासायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. तुझी दीप्ती वहिनी म्हणाली, "सकाळपासून इथं लिंबं कापत बसले. लोणचं घालता का बॅटरीचं?" मी हसलो नाही, तेव्हा ती समजली. ब्रश तिनंच आणून दिला. पट्टीसाठी हिंगण्याला आमच्या कंपनीतून तांब्याच्या पत्र्याचा तुकडा मागून आणला, कापून, वाकवून बसवला. नवी स्प्रिंगही मिळाली.

हे सगळं चालू असताना मी तुला आतला फोटो पाठवला, तो पाहून तुझा फोन आला. तुझे शब्द मला पाठ झालेत. "दादा, तळाशी एक हिरवा गोळा चिकटला आहे, तो कचरा उपटून फेक. घेणाऱ्याला आत सगळं मूळचं पाहिजे." घेणारा कोण, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की बंगळुरूचे कोणी गृहस्थ आहेत, फार दिवस मागे लागले होते, तू हो म्हणून बसलास, फक्त ती पेटायला हवी. जुना कूलर काढून टाकावा तसं बोललास. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तू त्या "बरं"चा अर्थ होकार घेतला असशील. तो होकार नव्हता.

तुझा तो कचरा मी उपटला, पण फेकला नाही. वाटीत लिंबाच्या रसात टाकून ठेवला. थर सुटत गेले आणि मधोमध एक भोक दिसलं. तो तुझ्या करदोड्यातला भोकाचा पैसा आहे. तू तेव्हा नुकता धावायला लागला होतास. मी शाळेत जायचो, मला सगळं आठवतं. पावसाळ्यात बॅटरीची स्प्रिंग गंजून दबली, उजेड फडफडायला लागला, आणि त्याच दिवशी पाण्याची पाळी सुरू व्हायची होती. तुझा करदोडा तुटून अंगणात पडलेला. बाबांनी त्यातला तांब्याचा पैसा काढला, दगडावर घासला आणि सेलखाली घातला. माय ओरडली, "लेकराचा पैसा आहे जी तो, त्यात काहून घालता?" बाबा म्हणाले, "असू दे वं. लहान्याच्या पैशानं गावाले पाणी भेटन." तू पैशासाठी भोकाड पसरलंस तेव्हा तुला खांद्यावर बसवून तलावाच्या बांधावर नेलं आणि दाखवलं, "पाहा, तुह्या पैशानं जळून राहिली." पुढे बाबांनी कितीदा सेल बदलले, बल्ब बदलला, काच बदलली. पैसा बदलला नाही. नवी स्प्रिंग बाजारात मिळत होती, तरी नाही.

बॅटरी आता पेटते. नव्या स्प्रिंगवर तो पैसा मी परत बसवला आहे, कड खाल्लेली आहे, पण टेकतो. कुरियरनं मी ती पाठवणार नाही. आज दुपारी कुहीची बस धरतो आणि मायच्या हातात देऊन येतो. तिला वाटतं, तू ती नुसती दुरुस्तीला पाठवलीस. "लहाना बाबाची वस्तू जपते," असं ती नातीला, गार्गीला, सांगत असते. विकायला काढल्याचं तिला मी सांगणार नाही, ते तुझं काम आहे. तुला बॅटरी द्यायचीच असेल तर दे, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. पण गावी ये, मायसमोर बस, झाकण फिरव आणि तुझा पैसा तुझ्या हातानं काढ. मी तो काढणार नाही, हे सांगायला हे पत्र लिहिलं. सेल मी काढून घेतलेत, मायकडे ती रिकाम्या पोटीच राहील. येताना सेल घेऊन ये. साधेच आण.

अजून तरी तुझाच,
दादा