ब्रशच्या दांडीचे खटके

१० नोव्हें. ८६, सोमवार
भात खालून करपला, वरून कच्चा. असा करायलाही कसब लागतं.
कमला आरमोरीला भावाकडे गेली त्याला आज बावीस दिवस. पावसाळ्यात तीनदा मलेरिया. तिसऱ्यांदा ताप उतरला आणि पिशवी भरली. दारात म्हणाली, "खिडक्यायले जाळी लागन तवाच येईन. अठ्ठावीस वर्षं बसच्या खिडक्या बसवल्या, घरच्या तीन नाई होत तुमच्यानं?"
होतात. पण जाळी लावायची तर उघडझाक होणारी हवी, नाहीतर कोंडवाडा. त्याला चांगला खटका लागतो, आणि तो मिळत नाही. वर्षभर हेच सांगतोय. बाजारात न जाता सांगतोय, हे तिलाही माहीत आहे.

११ मंगळ.
शेजारचे खोब्रागडे सर सकाळीच एक गोरं जोडपं घेऊन दारात. हॉलंडचे. मागे खोलीएवढी गाडी. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. मोहर्लीच्या जंगलात चार दिवस वाघासाठी थांबले. वाघ दिसला नाही, डास दिसले. मॅडमचे दोन्ही हात चावून लाल.
गाडीच्या खिडक्या पाहिल्या. खालून वर येणारा जाड पडदा, वरून खाली येणारी जाळी. दोन्ही स्प्रिंगवर गुंडाळलेली, मधे खटक्यानं एकमेकांना धरतात. फार देखणं काम. पण खटके प्लास्टिकचे, पाचातले चार तुटलेले. सोडलं की पडदा खाली, जाळी वर, मधून डास.
सर माझी ओळख करून देत होते, "धिस मॅन, ट्वेंटी एट इयर्स, बस बॉडी." मी छाती काढून उभा. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कोणी काम घेऊन आलं.
"उद्या देतो," म्हटलं. गाडी अंगणात लिंबाखाली लावून घेतली.

१२ बुध.
लोखंडी पट्टीचे खटके केले. जाड पट्टी, पक्के रिव्हेट. वर्कशॉपमध्ये एकच शिकलो: प्रवासी तोडणारच, हे धरून चालायचं. भामरागडच्या रस्त्यावर टिकेल ते खरं.
पाचवा प्लास्टिकचा धड होता, तोही काढून लोखंडाचा ठोकला. साहेब नको नको म्हणून हात हलवत होता. मला वाटलं भिडेखातर.
संध्याकाळी पडदे पार वर ओढून सगळ्या खिडक्या मीच बंद करून दिल्या. खटाक्. काय आवाज! क. असती तर...

१३ गुरु.
नऊ वाजले तरी गाडीतून कोणी बाहेर येईना. दार वाजवलं. साहेब डोळे चोळत उभा, आत मिट्ट काळोख. एकही खटका सुटत नव्हता, आणि त्यांना वाटलं अजून उजाडलंच नाही.
"जोर लावा," मी खुणेनं सांगितलं. त्यानं लावला. खटका जागच्या जागी, खिडकीची चौकट चिरली.
साहेब रागावला नाही, तेच जास्त लागलं. कागदावर चित्र काढलं. खिडकी, खटका, ओढणारा हात. मग खटक्यावर फुली मारली. सरांनी अर्थ लावला, "भाऊ, तुटला तं खटका तुटाले पाहिजे म्हंते तो. खिडकी नाई."
म्हणजे खटका चौकटीहून कच्चा ठेवायचा. मुद्दाम. अठ्ठावीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. दुपारपर्यंत राग. जेवताना पटलं. भात आजही करपला.

१४ शुक्र.
कंगवा तापवला, मोडला. डब्याची क्लिप लावून पाहिली, सैल. छत्रीची काडी, तीही नाही. हात टेकले.
मग दात घासताना ब्रशच्या दांडीवर नजर गेली. चिमणीवर तापवली, वाकवली, कानस मारली. खाचेत बसली. खट्! बोटानं दाबली की सुटते.
दुकानात जाऊन पाच ब्रश मागितले.
"घरी किती जन आहेत, भाऊ?"
"एकटाच."
दुकानदार माझ्या दातांकडे पाहत राहिला.

१५ शनि.
पाची बसले. दोन लाल, एक हिरवा, एक पिवळा, आणि एक निळा (माझा स्वतःचा). चिरलेल्या चौकटीला आतून पत्र्याची पट्टी. मॅडमनं प्रत्येक खिडकी चारदा उघडली, चारदा लावली, आणि पोरीसारखी हसली. फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१६ रवि.
गाडी दक्षिणेकडे रवाना. निघताना मॅडमनं माझ्या घराच्या उघड्या खिडक्यांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सरांनी भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती.

१७ सोम.
क.चं कार्ड. सगळं मिळून एवढंच: "गोऱ्या बाईच्या गाडीले जाळ्या लावून देऊन राह्यले म्हने. तिचे डास आटोपले असन तं कळवा. कमला."
खोब्रागडे सरांची सासुरवाडी आरमोरी. तरीच!
आधी हसलो. मग नाही हसता आलं. परक्या बाईच्या पाच खिडक्या चार दिवसांत, आणि हिच्या तीन वर्षभरात नाहीत. खटका मिळत नव्हता हे साफ खोटं. आळस होता. ती दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती आणि मी उशाशी बसून खटक्यावर भाषण देत होतो. लाज वाटते.

१८, १९
लिहायला वेळ नाही. सागाच्या पट्ट्या, हिरवी जाळी. परत ब्रश आणले. दुकानदार आता काही विचारत नाही.

२० गुरु.
तिन्ही खिडक्या झाल्या. क.ला कार्ड. आधी लांबलचक लिहिलं, माफी वगैरे. खोडलं. शेवटी: "जाळ्या लागल्या. घर खायला उठते. ये." टाकून आलो. परत येताना वाटलं, माफीचं ठेवायला हवं होतं.

२४ सोम.
दुपारच्या बसनं क. आली! वाळली आहे. पाणी दिलं, घेतलं नाही. आधी खिडक्या. उघड, लाव, उघड, लाव. मग खटक्यावर बोट.
"हा दात घासाचा ब्रश होय का जी?"
"होय."
"वापरलेला तं नाई?"
"नवा आहे."
नाक मुरडलं, पण आणखी एकदा लावून पाहिला. "एक रात निजून पाहीन," म्हणाली. पिशवी दाराजवळच ठेवली. उघडली नाही.

२५ मंगळ.
सकाळचा चहा तिच्या हातचा. कप खाली ठेवायच्या आत तिनं हात पुढे केला. मनगटावर लाल गांध.
"हे काय?"
"आरमोरीचा असन," मी म्हटलं.
"आरमोरीचा डास बसनं आला का?"
तिन्ही खिडक्या दोघांनी मिळून तपासल्या. कुठं फट नाही, खटके घट्ट. मग दोघांची नजर एकदमच दाराकडे गेली. सताड उघडं. काल संध्याकाळीही तसंच होतं. दाराच्या जाळीचं वर्षभरात ना ती बोलली ना मी.
मला वाटलं, आता पिशवी उचलते.
"दहा-बारा दिवसांत समजते," ती म्हणाली. "ताप आला तं चालली मी."
"आणि नाई आला तं?"
तिनं सूप ओढलं. तांदूळ निवडायला बसली.
बारा दिवस म्हणजे ७ डिसें. तोवर तरी आहे.
दाराचं माप घेतलं. दोनदा चुकलं.