लायलॅक की लॅव्हेंडर

११ ऑक्टोबर, शनिवार

लायलॅक की लॅव्हेंडर? सकाळपासून शुभ्राच्या खोलीत उभी आहे. पेंटर रुहानने नमुन्यासाठी भिंतीवर दोन ठिगळं मारून ठेवलीयत. लायलॅक जरा गुलाबीकडे जातो, लॅव्हेंडर निळ्याकडे. मराठीत दोन्ही फिकट जांभळेच!

शुभ्रा दिवाळीला टोरांटोहून येतेय. मग इथेच दुबईत, करामातल्या या घरात राहून नोकरी शोधणार. रंग विचारला तर 'मम्मा, एनी लाइट पर्पल.' एनी म्हणे!

उपेंद्र दारातूनच म्हणाला, "दोन्ही सारखेच आहेत." त्याला सगळं सारखंच दिसतं. सोफा काय, बायको काय.

१२ ऑक्टोबर

ट्यूबलाइटखाली दोन्ही राखेसारखे दिसतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज जेवताना नवरा चक्क दहा मिनिटं बोलला — शुभ्राची फ्लाइट, एअरपोर्टला कोण जाणार, तिचा पलंग कुठे लावायचा. तिच्याशिवाय आम्हाला बोलायला विषयच उरलेला नाही. ती आली की घर पुन्हा घरासारखं होईल. म्हणून तर हा रंगाचा खटाटोप. लॅव्हेंडर बरा वाटतोय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शुभ्राचा फोन. तिला तिकडेच नोकरी लागली. येत नाही. 'डोन्ट बी सॅड, मम्मा.' मी अभिनंदन केलं, आवाजही नीट ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

डोळे पुसतेय तोच रुहानचा फोन — "मॅडम, तो फिर लॅव्हेंडर?" मी म्हटलं, "खलास, भाई." आणि ठेवून दिला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसातून येऊन बघते तर खोली रंगलेली! वॉचमनकडे किल्ली होतीच. चारही भिंती लॅव्हेंडर. रुहानला फोन केला तर म्हणतो, "आपने खलास बोला ना? मैं समझा फायनल."

मी म्हटलं ते 'संपलं सगळं' अशा अर्थाने. त्याने ऐकलं 'ठरलं'. इथल्या अरबीत तर दोन्हीला तोच शब्द. बावीस वर्षं राहतेय, आणि मलाच सुचू नये!

उपेंद्र म्हणाला, "आता काय करायचं या खोलीचं?" उत्तराची वाट न बघता टीव्ही लावला.

रंग सुरेख आलाय. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुपारी माझी उशी, चादर आणि कपडे या खोलीत आणले. उपेंद्र दारात येऊन उभा राहिला. "पाठ दुखतेय का गं?"

मी नाही म्हटलं.