येते मो

५ फेब्रुवारी
चिमणे, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी माझी धाकटी बहीण तू! काल मला मुरगुडात एसटीत बसवून दिलंस, आज ‘आक्का कुठं गेली’ म्हणून विचारशील. म्हणून रोज सांगून ठेवते. मी कळंब्याला, नात ऋताच्या फ्लॅटवर, मजेत हाय. मला अक्षर येत न्हाय. हा फोन ऐकेल ते लिहितो, कुणाचंही. तुझी सून वाचून दाखवेल. ऋता कंप्युटरच्या खेळातल्या माणसांसाठी नवी भाषा घडवते. म्हटलं, आहे ती संपली व्हय गं?

७ फेब्रुवारी
त्या भाषेतला एक बारका शब्द शिकले: मो. बोलण्याच्या शेवटी लावायचा. म्हणजे ‘माझ्याबरोबर तूही’. ‘जेवते मो’ म्हटलं की समोरच्यानं ताटावर बसायचंच. शेजारच्या अंबूबाई मिश्री घासत हसल्या. म्हणाल्या, मो ऱ्हाऊ दे आक्का, मुरगूडचा खरवस खाऊ घाला की! आता दिवसभर मला मोचाच चाळा.

१२ फेब्रुवारी
अंबूबाई गेल्या. भेटून आले. मयताच्या घरनं निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं, गुमान उठायचं. तुला हे मीच शिकवलं. आणि चिमणे, उंबऱ्यावर माझ्याच तोंडून गेलं, येते मो.

१४ फेब्रुवारी
घरात आम्ही दोघी, उष्ट्या वाट्या तीन. ऋतानं कुणी पोरगा लपवलाय, असा माझा संशय. कपाटामागंही बघितलं. पोरगा न्हाय. मिश्रीचा वास हाय.

१७ फेब्रुवारी
ऋताचे दात काळे. बोटानं घासत बसली होती. हटकलं, तर म्हणाली, सवय हाय आक्का.
नात मला आजी म्हणते, चिमणे. आक्का न्हाय.

१९ फेब्रुवारी
सकाळी जरा वेळ ऋता ऋतासारखी बोलली. म्हटलं, बरोबर आलेल्याला परत धाडायचा शब्द सांग. म्हणाली, तो अजून केलाच नाही आजी, आता करते. करायला बसली. उठली ती— कसली भाषा, म्हणून मलाच विचारती.

२१ फेब्रुवारी
अंबूबाईंचा दहावा. कावळा शिवला न्हाय. शिवंल कसा— बाई तर इथं—

२२ फेब्रुवारी
ऋता हाकेला वळत न्हाय. वासना खरवसावर असंल— तेवढा मिळाला तर पोरीला सोडंल— तुझी म्हैस व्यालीय न्हवं? खरवस पाठव. गुळाचा, वेलदोडा घालून. डबा कंडक्टरच्या हाती दे. तू येऊ नको. काय बी झालं तरी तू—

न्हाय हो चिमणाबाई, डबा तुम्हीच घेऊन या. आम्ही जेवायला बसतोय मो—