सारासिनोला इद्रीसचा चेहरा

प्रिय हनान,

पोरांची खुशाली नंतर विचारते. आधी काल पाहिलं ते सांगते.

टस्कनीतल्या आमच्या या गावातला खेळ तुला ठाऊक आहे. प्रत्येक पेठेचा स्वार भाला रोखून घोडा फेकतो आणि चौकातल्या लाकडी पुतळ्याच्या ढालीवर मारतो. पुतळा म्हणजे सारासिनो, पगडीवाला, दात विचकलेला. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी तो पाहून संतापाने घरी निघून गेले होते. इद्रीस मात्र हसला, तुझाच भाऊ तो. म्हणाला, "अगं, आपल्यात कुणी स्वतःला या नावाने कधी हाक तरी मारली का?" मग जेवताना पुराणच लावलं. सिनाईकडच्या तंबूतल्या लोकांना हे नाव ग्रीक-रोमनांनी दिलं, पुढे ते सगळ्या अरबांना चिकटलं, मग सरसकट मुसलमानांना. अर्थ कुणी 'पूर्वेकडचे' सांगतं, कुणी 'लुटारू', खरं कुणालाच ठाऊक नाही. वर या ख्रिस्त्यांचे जुने पंडित म्हणायचे, ही दासी हाजरची लेकरं स्वतःला मालकीण साराची म्हणून मिरवतात. नाव यांनीच ठेवायचं आणि खोटेपणाचा आळ आपल्यावर. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

इद्रीस ज्याच्याकडे सुतारकाम करायचा, त्या म्हाताऱ्या ओरेस्तेने यंदा पुतळ्याचं नवं डोकं कोरलंय, जुनं तडकलं म्हणून. काल त्याने मला आणि तुझ्या भाच्याला, अयमनला, कारखान्यात बोलावलं आणि कौतुकाने चादर ओढली. हनान, तो इद्रीस होता. तेच वाकडं नाक, तीच तुटकी भुवई, आणि वर ती पगडी. ओरेस्ते सांगत होता, "सुमय्या, गावाने ज्याला विसरू नये, त्याचाच चेहरा आम्ही याला देतो. आधीचा माझ्या गुरूच्या भावाचा होता." मी म्हटलं, "माझ्या मेलेल्या नवऱ्यावर तुम्ही भाले चालवणार?" तो "ढालीवर, ढालीवर" म्हणत राहिला आणि मग रडायलाच लागला. त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्याला मान द्यायचा होता.

यंदा आमच्या पेठेचा स्वार अयमन आहे. मला वाटलं, आता हा तरी नाही म्हणेल. त्याने बापाच्या नाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "यम्मा, मी मागे हटलो तर बाकीच्या पेठा सोडणार आहेत का बाबांना? निदान माझा वार तरी तोंडावर जाणार नाही." मी पोटच्या पोराला अडवलं नाही.

म्हणून हे लिहितेय. दरवर्षी खेळ सुरू झाला की तू तो बघायला आईंच्या हातात फोन देतेस. या रविवारी देऊ नकोस. रेंज नाही म्हण, काहीही म्हण. त्यांना इद्रीसची मातीही पाहायला मिळाली नाही. नातवाला बघायला म्हणून बसतील आणि समोर त्यांचा लेक उभा असेल.

तुझीच,
सुमय्या