बिदाईचा तुकडा

सोमवार, २ ऑक्टोबर
यवतमाळहून सकाळच्या एसटीनं मारेगावला परत. हे दवाखान्यातच, दीर जवळ थांबलेत. फवारणीला माणूस मिळाला नाही म्हणून हे स्वतःच पाठीवर पंप घेऊन पराटीत, आमच्या कपाशीत, शिरले. संध्याकाळी ओकाऱ्या, मग डोळ्यांपुढे अंधार. ओकाऱ्या थांबल्या, नजर आली नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. कधी, ते सांगत नाहीत.
आमच्या फोटो स्टुडिओचं शटर उघडलं. लोक येतात, यांची चौकशी करतात, जातात.

मंगळवार, ३
उमरखेडहून वैशालीचा फोन. उन्हाळ्यात तिच्या लग्नाची शूटिंग यांनीच केली, व्हिडिओ द्यायचा राहिला. तिचे बाबा मागच्या महिन्यात गेले. फवारणीतच.
"वहिनी, बाकी लग्न राहू द्या. मले फक्त बिदाईचं द्या. बाबा चालते-बोलते तेवढ्यातच हायेत."
शनिवारी येते म्हणाली. हो म्हणून बसले. मला पासपोर्ट फोटो काढण्यापलीकडे काय येतं?

बुधवार, ४
एडिटिंग यांनी पूर्ण केलेलं दिसतं. फाइल बनवायला लावली. बिदाईपाशी आली की कॉम्प्युटर थिजतो, माऊससुद्धा हलत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. स्क्रीनवर तिच्या वडलांचा हात अर्धवट उचललेला.

गुरुवार, ५
दिरांना फोन केला. त्यांनी मोबाइल यांच्या कानाला धरला. आवाज जड.
"कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाब. टास्क मॅनेजर उघड. मेमरी किती खाऊन राह्यला?"
"अठ्ठ्याण्णव टक्के."
"मंग कसा चालन तो? काय काय चालू हाय, वरून वाच."
इंग्रजी नावं अडखळत वाचली. हे सांगत गेले, हे बंद कर, ते राहू दे, त्याले हात लावू नको. आकडा उतरला.
"बहात्तर झाली," म्हटलं.
"बहात्तर? पाहू दे…"
मग दिरांचा आवाज, "वहिनी, दादा थकला. ठेवतो."

शुक्रवार, ६
बहात्तरवरून सुरू केलं. बिदाई जवळ आली तशी मेमरी चढत गेली आणि परत तेच. कॉम्प्युटर जुना. पुन्हा फोन. हे म्हणाले, सगळं लग्न एकदम काढू नको, बिदाईचाच तुकडा काढ, साइज लहान ठेव. चेहरे थोडे पुसट येतील.
"पुसट चालन तिले?"
"काहीच नसण्यापरीस…"
दुपारभर त्या टक्क्यांकडे बघत बसले. जेवण राहिलं. नव्वदच्या वर गेली तेव्हा माऊसवरचा हात काढून घेतला… झाली. फाइल झाली.

शनिवार, ७
वैशाली आली, सोबत तिचा नवरा. दुकानातच लावलं. वडील गाडीच्या खिडकीशी वाकलेले. बँडच्या गोंगाटात एवढंच ऐकू येतं, "सणाले येजो, बाई."
ती रडली नाही. "अजून एकदा लावा," म्हणाली. मग अजून एकदा. नवरा उठून बाहेर जाऊन उभा राहिला.
जाताना विचारलं, "दादा कुठं गेले?"
"यवतमाळले. कामानं." तिला कसं सांगू, काय झालं ते.
"त्याईले सांगा, बाबा साजरे दिसतात."

रविवार, ८
फोनवर सांगितलं यांना. पहिलं काय विचारावं? "शालू लाल आला का केशरी? मी सुधरवला होता तो रंग."
लाल, म्हटलं.
मग, "दिवाळीनंतरच्या लग्नांचं काय करायचं? नाही म्हणून सांगायचं का लोकाईले?"
थांबा, म्हटलं.
दीर म्हणाले, डॉक्टर नागपूरला न्या म्हणतात, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे. उद्या गाडी. मीही जाणार.
शटर ओढत होते तर एक बाई आली. लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर. "शूटिंग करून देता नं तुम्ही?"
तारीख लिहून घेतली. पेन्सिलनं.