रंग न लावलेला पूल

बाबा,

गेल्या रविवारी सकाळी आई आणि मी नाल्यावरच्या नव्या पुलावरून चालत पलीकडे गेलो. पूल लोखंडाचा आहे आणि त्याला रंग नाही. पहिल्या दिवसापासून आम्ही त्यावर गंज चढू दिला, आणि तसं ठरवणारी मीच. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुमची सगळी नोकरी गंजाशी भांडण्यात गेली. कारखान्याच्या पेंट शॉपमधून घरी आल्यावर साबणाने दोनदा हात धुतलेत तरी तारपिनाचा वास जायचा नाही. मे महिन्यातले रविवार आपल्या क्वार्टरच्या अंगणात जायचे. फाटक, खिडक्यांचे गज, कूलरचा स्टँड, तुमची सायकल, सगळं पावसाआधी घासून, गंज रोखणारा तांबडा रेड ऑक्साइड लावून तयार. त्यातला एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे: मी नववीत आहे. तुम्ही पहिल्यांदाच कूलरचा स्टँड मला एकटीला दिला आहे. मला मैत्रिणीकडे जायची घाई, म्हणून कोपऱ्यातला गंज न घासता मी त्याच्यावरच रंग फासते. संध्याकाळी तुम्ही येता, खिशातल्या किल्लीने कोपरा खरवडता, आणि रंगाचा पापुद्रा सालासारखा निघतो. तुम्ही आवाज चढवत नाही. "हे झाकणं झालं, काम नाही झालं," एवढंच म्हणता. मग मला शेजारी बसवून विचारता, "इथेच का गंजला? बाकीचा पाय तर चांगला आहे." मग त्या कोपऱ्यावर बोट ठेवता. "इथे पाणी थांबतं. आधी पाणी कुठे थांबतं ते बघायचं. रंगाचा डबा मग उघडायचा." त्या दिवशी मी तुमच्यावर खूप चिडले होते. रात्री जेवलेसुद्धा नाही. पुढे ज्या कामावर माझं घर चाललं त्याचा पहिला धडा तो होता, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा नातेवाइकांनी पेनं दिली, घड्याळ दिलं. तुम्ही एक आरसा दिलात. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा गोल, पण दांडा हातभर लांब. कारखान्यातल्या तुमच्या दोस्तांनी तो बनवून दिला होता. "वरून सगळंच छान दिसतं. हा खाली धरून बघत जा," म्हणालात. मैत्रिणी हसल्या होत्या. तो अजून माझ्या साइटच्या पिशवीत असतो.

आता पुलाचं. निवृत्तीनंतर तुम्ही रोज फिरायला जायचात तो नाल्यावरचा जुना पूल आठवतो ना? आनंद नगरच्या आपल्या बाजूची मुलं त्यावरून पलीकडच्या शाळेत जायची, बायका भाजी आणायला. तुम्ही कठड्यावरून वाकून खाली बघायचात आणि घरी येऊन भोपाळ महापालिकेला अर्ज लिहायचात, स्वच्छ हिंदीत, तारीख घालून: पुलाच्या खालच्या बाजूला रंगाची तातडीने गरज आहे. असे सहा-सात अर्ज तरी गेले. रंग आला तो फक्त कठड्याला, पिवळा, कुणी पाहुणे येणार होते म्हणून. खालपर्यंत पोचायचं तर मचाण बांधायला हवं, ते कुणी बांधलं नाही. तुम्ही गेल्यावर दोन पावसाळ्यांनी तो पूल बंद झाला. लोक ट्रकांच्या गर्दीतून रायसेन रोडने वळसा घालून जाऊ लागले. आईने तर पलीकडे जाणंच सोडलं.

नव्या पुलाचं डिझाइन आमच्या ऑफिसकडे आलं तेव्हा मी तुमच्या अर्जांच्या प्रती शोधून काढल्या. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही जे मागत होतात ते बरोबरच होतं, पण त्यासाठी दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी येणं भाग होतं, आणि येणारं कुणी नव्हतं. काँक्रीटचा पूल करायचा तर त्या गल्लीत मोठी क्रेन शिरत नव्हती. म्हणून मी वेदरिंग स्टील सुचवलं. या पोलादात तांबं, क्रोमियम असं थोडंथोडं मिसळलेलं असतं. भिजून, सुकून, पुन्हा भिजून त्यावर गंजाचा असा घट्ट थर बसतो की तो थरच आतल्या लोखंडाला जपतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे चालत नाही, पण आपल्या भोपाळला चार महिने पाऊस आणि मग लख्ख कोरडं. मला वाटलं, झालं, सापडलं.

टी. टी. नगरला महापालिकेच्या ऑफिसात बैठक झाली. मोठे साहेब चित्र बघून म्हणाले, "मॅडम, नया पुल देंगे और पहले ही दिन से जंग लगा हुआ? लोग क्या कहेंगे?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी ते अर्धा तास दिलं आणि साहेबांना जवळजवळ पटवलं. तेवढ्यात माझ्याच ऑफिसातली एक तरुण इंजिनिअर, नोकरीला लागून वर्ष झालेली, हळूच म्हणाली, "मॅडम, पण हे सुकायला पाहिजे ना? नाल्याच्या काठाला तर डिसेंबरपर्यंत ओल असते. तिथे सुकेल?"

मला राग आला, बाबा. सगळ्यांसमोर विचारलं म्हणून. मी काहीतरी बोलून विषय पुढे नेला. पण परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या लक्षात आलं की मीही वरूनच छान दिसणारं काहीतरी मांडून आले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिलाच बरोबर घेतलं आणि बंद पडलेल्या पुलाखाली उतरले. गुडघाभर गवत, शेवाळ, चिखल. तुमचा आरसा काढला, तिने टॉर्च धरला. मधला भाग तुम्ही समजत होतात तेवढा वाईट नव्हता. तिथे वारा खेळत होता. खाऊन गेली होती ती दोन्ही टोकं, जिथे माती आणि पाला येऊन गर्डरला, पुलाच्या लोखंडी तुळईला, टेकला होता, आणि ते कोपरे, जिथे पाणी जाऊन बसायला जागा होती. ती म्हणाली, "मॅडम, इथे कुठलंही लोखंड टिकलं नसतं." मी म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. काल मी नीट उत्तर दिलं नाही."

आम्ही चित्र बदललं. टोकं मातीपासून वर उचलून काँक्रीटच्या चौथऱ्यांवर ठेवली. तेवढ्या टोकांना रंग दिला, कारण तिथे हात पोचतो. जिथे पाणी साठेल असा एकही खळगा ठेवला नाही, सगळीकडे उतार दिला. वेल्डिंगच्या कांड्या आणि बोल्टसुद्धा त्याच जातीचे मागवले. काम चार महिने लांबलं. मी साहेबांना सरळ सांगितलं की पहिल्या चित्रात माझी चूक होती. ते म्हणाले, "ठीक है, अब भरोसा हुआ."

डिझाइन सुरू झालं तेव्हापासूनच त्या पोलादाच्या नमुन्याच्या दोन पट्ट्या मी आपल्या गच्चीवर टांगल्या होत्या. आई वाळवण घालायला वर जायची आणि त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करायची. "तुझ्या बाबांनी हे बघितलं असतं तर त्यांना घास गिळला नसता," म्हणायची. पण रोज बोट फिरवून बघायचीही तीच. पहिले काही महिने बोटाला नारिंगी भुकटी लागायची. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक दिवस ती खाली आली आणि मला बोट दाखवलं. स्वच्छ होतं. "बसला गं तुझा गंज," म्हणाली.

पूल उभा राहिला त्या पावसाळ्यात चौथऱ्यांवर तांबडे ओघळ आले. ओघळ येणार हे आम्हाला माहीत होतं, पाणी बाहेर टाकायची सोय केली होती, तरी थोडे आलेच. लोकांनी फोटो काढले, तक्रारी केल्या. मी तीन वेळा कॉलनीत जाऊन समजावलं. आता कुणी काही विचारत नाही. शाळेची मुलं धावत जातात. रविवारी आई मधोमध थांबली, गर्डरकडे बघितलं आणि म्हणाली, "रंग चांगला आहे. पानातल्या कत्थ्यासारखा." मग भाजीवाल्याकडे जाऊन तिने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, इतक्या वर्षांनी पलीकडच्या बाजूच्या. मी खूश आहे, बाबा. हे असं साधं लिहायलाही मला संकोच वाटतो, पण आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पुलाच्या फाइलमध्ये लावण्यासारखंही नाही. फक्त एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितली नाही. कठड्याची वरची दांडी आम्ही वेगळी घेतली, कारण लोक तिच्यावर हात टेकतात, कपडे घासतात. ती स्टेनलेसची घेता आली असती. तिला पुन्हा कधी हात लावावा लागला नसता. मी साध्या लोखंडाची घेतली, रंग देऊन. त्या तरुण इंजिनिअरने कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, उन्हात डोळ्यांवर चमकत नाही. ते खरं आहे. पण ती गंजली तरी पुलाला धोका नाही, हे बघून घेऊन मग मी ती निवडली, कारण दर काही वर्षांनी कुणीतरी ब्रश घेऊन तिथे यावं, सगळं आधी नीट घासावं आणि घासता घासता वाकून खाली बघावं, असं मला वाटत होतं.